सत्तर खुर्च्या, त्यात पंचवीस तुम्ही

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. आवडत्या नटाचं नाटक, तेही छोट्या नाट्यगृहात, आणि बरोबर तुमच्या चाहत्यांच्या गटातले पंचवीस जण. तिकिटं, जमायची जागा, परतीची सोय यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. वेळेबद्दल तेवढं सांगते. छोट्या जागेत आत यायचं दार पुष्कळदा थेट रंगमंचाच्या कडेलाच उघडतं, त्यामुळे उशिरा आलेल्याला मध्येच आत सोडता येत नाही. कुणासाठी थांबायचं नाही, हे आधीच ठरवून टाका.

मला बोलायचंय ते त्या पंचवीसच्या आकड्याबद्दल.

नाट्यगृह सत्तर खुर्च्यांचं आहे म्हणालीस. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त प्रेक्षक तुम्हीच. हजार खुर्च्यांच्या थिएटरात पंचवीस माणसं कुठे बसली, कशाला हसली, कुणाला पत्ता लागत नाही. इथे तुम्ही हसलात की सगळं घर हसणार. तुम्ही टाळी दिलीत की शेजारचाही देणार, त्याला द्यायची नसली तरी. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना भाषणं ऐकवून त्यांच्या टाळ्या तपासल्या. टाळी साथीसारखी पसरते, आजूबाजूला जितके जास्त हात वाजतात तितका माणूस टाळी देण्याकडे झुकतो, आणि टाळ्या किती वेळ चालतात याचा भाषण कसं झालं याच्याशी फारसा संबंध नसतो, असं त्यांना आढळलं.

नाटकवाल्यांना हे संशोधनाआधीच ठाऊक होतं म्हणा! रोमचा सम्राट नीरो स्वतः गायला उभा राहायचा, तेव्हा त्याने पाच हजारांवर धट्टीकट्टी तरुण पोरं टाळ्यांसाठी तयार केली होती आणि टाळ्यांचे वेगवेगळे प्रकारही त्यांना शिकवले होते. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये तर हा सरळ धंदा होता. भाड्याचे प्रेक्षक मिळायचे, त्यात हसणारे वेगळे, रुमाल काढून रडणारे वेगळे, 'वन्स मोअर' ओरडणारे वेगळे. त्यांना पैसे मिळायचे आणि तुम्ही पदरचे देऊन जाताय, तुमचं प्रेमही खरं आहे. पण उरलेल्या पंचेचाळीस माणसांच्या बाजूने बघ. त्यांच्यावर होणारा परिणाम तोच. त्यांना नाटक स्वतःच्या वेगाने उलगडू द्यायचं की तुमच्या उत्साहाने त्यांना पुढे ढकलायचं, हे त्या रात्री तुमच्या हातात असेल. तुझा गट चांगला की त्रासदायक, हे माझ्या लेखी एवढ्यावरच ठरतं.

म्हणून सगळ्यांनी एका पट्ट्यात बसू नका. दोघंतिघं इथे, दोघंतिघं तिथे, असे विखुरून बसा. पहिली रांग पूर्ण अडवण्याचा मोह तर आवरच. रंगमंचावरचा उजेड छोट्या जागेत पहिल्या दोन रांगांवर सांडतोच, आणि नटाला तुमचे चेहरे स्वच्छ दिसतात. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला संगीतकार वाग्नरने आपल्या ऑपेरांसाठी प्रेक्षागृह अंधारात बुडवलं, तेव्हा लोकांना ते चमत्कारिक वाटलं होतं, कारण त्याआधी दिव्यांच्या झगमगाटात प्रेक्षक एकमेकांनाही बघत असत. आज अंधार आपण गृहीत धरतो. पण छोट्या प्रयोगाचा अंधार अर्धाच असतो. खुर्च्या तीन बाजूंनी असतील किंवा दोन बाजू समोरासमोर असतील, तर पलीकडच्या प्रेक्षकाला नटाच्या मागे तू दिसतेस. त्याच्यापुरती तू नेपथ्याचा भाग आहेस. जांभई, कुजबुज, फोनचा उजेड, सगळं त्याच्या चित्रात येतं. फोन नुसता 'सायलेंट' करून भागत नाही, लाकडी फळीवर त्याची थरथरही ऐकू येते. पूर्ण बंद करायचा. आणि त्या नटाचा चेहरा छापलेले टी-शर्ट घालायची जी टूम निघाली आहे, ती मोडून काढ. एखाद्या पात्रात शिरून उभं असताना समोर स्वतःची पाच तोंडं बघावी लागणं ही शिक्षा आहे.

त्याच्या एंट्रीला टाळ्या द्यायच्या का, हा तुमच्यातला वाद कळला. माझं मत सरळ आहे, नाही द्यायच्या. मोठ्या व्यावसायिक प्रयोगात ती दाद खपून जाते, काही नट तिच्यासाठी जागाही ठेवतात. पण सत्तर माणसांसमोर तो एखादा दमलेला बाप किंवा पळून आलेला कारकून म्हणून आत आला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात, की तो बाप तिथेच संपतो आणि उरतो तुमचा लाडका नट. मग प्रेक्षकांना पुन्हा त्या गोष्टीत न्यायला त्याला पुढची दहा मिनिटं झटावं लागतं. सहकलाकारांना त्याहून जास्त.

यातले काही जण हे नाटक आधी बघून आलेत ना? त्यांच्यावर नजर ठेव. ते वाक्याच्या आधी हसतात. विनोदी वाक्याआधीचा पॉज नटाने तालमींतून कमावलेला असतो, आणि नेमक्या त्याच जागी 'आता बघ हं' असं खिदळणं ऐकू आलं की नव्या प्रेक्षकाचा हशा जळून जातो. ओठांनी संवाद पुटपुटणारे त्यांचेच भाऊबंद.

आता बघायचं काय, हे सांगते. या भागासाठीच खरं तर लिहायला बसले.

तुम्ही त्याला आजवर पडद्यावर पाहिलंत. तिथे कोणाकडे बघायचं हे कॅमेरा ठरवतो. इथे ते तू ठरवायचंस. तेव्हा तो बोलत नसेल तेव्हा त्याच्याकडे बघ. दुसऱ्याचं वाक्य तो खरोखर ऐकतो आहे, की स्वतःच्या वाक्याची वाट बघतो आहे? ऐकणारा नट आणि थांबलेला नट यातला फरक मोठ्या थिएटरात शेवटच्या रांगेतून कळत नाही. इथे श्वासावरून कळतो. हात कुठे आहेत, पेला उचलताना त्याचं वजन जाणवतं की रिकामा पेला उचलल्यासारखा उचलला, हेही बघ. मग मुद्दाम दहा मिनिटं त्याला सोडून दे आणि ज्यांच्यासाठी तुमच्यातलं कुणीच आलेलं नाही अशा बाकीच्या नटांकडे बघ. चौघांच्या नाटकात एक जण एकटा चांगला असूच शकत नाही. त्याचा सर्वात गाजलेला क्षण पुष्कळदा समोरच्याने स्वतःला मागे घेतल्यामुळे उभा राहिलेला असतो. ते मागे घेणं दिसलं, तर तुझे तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समज.

जागा छोटी असते ती दर वेळी पैसे नाहीत म्हणूनच असं समजू नकोस. स्ट्रिंडबर्गने १९०७ मध्ये स्टॉकहोममध्ये अवघ्या १६१ खुर्च्यांचं थिएटर काढलं, तेव्हा तो युरोपभर गाजलेला नाटककार होता. त्याला मोजकी पात्रं, छोटा पट आणि आरडाओरडा न करणारा अभिनय हवा होता, म्हणून तेवढीच जागा. त्यासाठी त्याने वेगळी नाटकंही लिहिली. १९१० मध्ये ते बंद पडलं, पण कल्पना टिकली. पोलंडमध्ये १९५९ साली ग्रोटोव्स्की या दिग्दर्शकाने ज्या थिएटरात काम सुरू केलं त्याचं नावच 'तेरा रांगांचं थिएटर' होतं. नेपथ्य, झगमगाट, रंगभूषा, सगळं काढून टाकलं तरी नट आणि प्रेक्षक हे दोन उरले पाहिजेत, इथपर्यंत तो पुढे गेला. तुमचा नट पडद्यावर नाव कमावून या खोलीत उभा राहायला का येतो, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. तिथे टेक पुन्हा घेता येतो. इथे समोरची बाई खोकली, तरी तिच्यासकट पुढे जावं लागतं.

शेवटी सगळे मिळून नमस्काराला येतील तेव्हा मात्र हात राखू नका. फक्त त्याच्या वेळी आवाज वाढवून बाकीच्यांच्या वेळी हात थंड पडू देऊ नका. नटांना ते ऐकू येतं, आणि कपडे बदलायच्या खोलीत ते त्यांच्याबरोबर जातं.

नंतर दाराशी थांबायचं असेल तर आधी व्यवस्थापकाला विचार. नट लगेच बाहेर येत नाही. रंग उतरवायचा असतो, घाम पुसायचा असतो, आणि अंगातलं पात्र उतरायलाही वेळ लागतो. आला नाही तर निरोप न ठेवता निघा. आला तर पंचवीस फोटो नकोत, सगळ्यांचा मिळून एक पुरे. पुढचा सिनेमा कधी, हे विचारू नका. त्याने आत्ता दीड तास जे केलं त्यातली एखादी नेमकी जागा सांगा, 'पत्र वाचून झाल्यावर तुम्ही ते घडी न घालता खिशात ठेवलंत' इतकी बारीक. आणि सहकलाकार शेजारी उभा असताना 'तुमच्यामुळेच नाटक तरलं' असं चुकूनही म्हणू नका. त्याला ते कौतुक घेताही येत नाही आणि परत करताही येत नाही.

मग बाहेर बसून गप्पा होतीलच. त्यात पहिलं बोलायला सांग ते जो कुणाच्या तरी ओळखीने आला आहे आणि तुमच्या नटाचा चाहता नाही त्याला. बाकीच्यांची मतं तुला घरूनच ठाऊक आहेत. चाहत्यांच्या गटात 'मला नाटक नाही आवडलं' हे वाक्य फितुरीसारखं ऐकलं जातं, आणि मग लोक खोटं बोलायला लागतात. नट आवडणं वेगळं, नाटक आवडणं वेगळं. संहिता फसलेली असू शकते, दिग्दर्शकाने मधला प्रवेश ताणलेला असू शकतो, आणि तुमचा नट त्या रात्री ढिला पडलेला असू शकतो. असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर तुटून पडू नका, कुठल्या जागी वाटलं ते विचारा.

आणि तुलाच नाही आवडलं तर मला लिही. आवडलं तर दोन ओळी चालतील, नाही आवडलं तर सविस्तर हवं.

तुझी,
मावशी