ड्रॉप टाकूनही डोळे कोरडे का राहतात, आणि वर पाणीही का येतं?

कोरड्या डोळ्याची जळजळ झाली की पातळ पाणी भसाभस येतं, पण ते टिकत नाही. अश्रू टिकतात ते वरच्या तेलाच्या थरामुळे. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. बहुतेकांच्या बाबतीत याच ग्रंथी तुंबलेल्या असतात, म्हणून नुसत्या ड्रॉपने भागत नाही.

डॉक्टरांकडून दोन तपासण्या करून घ्या. फ्लुरोसीन हा पिवळा रंग डोळ्यात टाकून अश्रूंचा थर किती वेळात फुटतो ते बघतात. 10 सेकंदांच्या आत फुटला तर तेलाची बाजू कच्ची. शर्मर चाचणीत कागदाची पट्टी 5 मिनिटांत 5 मिमीपेक्षा कमी भिजली, तर मुळात पाणीच कमी.

घरी रोज 10 मिनिटं मिटलेल्या डोळ्यांवर कोमट शेक द्या. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि तेल वितळतच नाही, म्हणून तो सारखा बदला. लगेच वरची पापणी खाली, खालची वर अशी हलक्या बोटाने निपटा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. लाली घालवणारे ड्रॉप रोज टाकू नका, लाली उलट वाढते. सायक्लोस्पोरिन (डोळ्याची सूज कमी करणारे ड्रॉप) दिलं असेल तर गुण यायला महिने लागतात, मध्येच सोडू नका.

तोंडही कोरडं पडतंय, सांधे दुखतायत? मग शोग्रेनची तपासणी हवी. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच हल्ला करते.