वहीत मेकॅनिकची सही नाही, मग?

प्रश्न : मी खानापूरचा, सध्या अमेरिकेत वैमानिकाचं शिक्षण घेतोय. आमच्या विमानाच्या वहीत व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रावरून दिशा दाखवणारं उपकरण) तपासल्याची शेवटची नोंद एका वैमानिकाची आहे, मेकॅनिकची सही नाही. ती धरायची का? आणि विमानातल्या व्हीओआरच्या दोन संचांत ३ अंशांचा फरक आहे, तो चालतो का?

उत्तर : धर की! तिथल्या ९१.१७१ या नियमात तपासणी मेकॅनिकनंच करावी असं कुठंही नाही. जो तपासेल त्यानं तारीख, ठिकाण आणि आलेली चूक लिहून सही करायची. यातलं एक जरी राहिलं असेल तर मात्र ती नोंद धरू नको, स्वतः तपास. मुदत ३० दिवसांची. महिना बदलला की नवी तपासणी, असला हिशोब तिथं नाही.

आता तुझे ३ अंश. दोन्ही संच एकाच केंद्रावर लावून ताडायला परवानगी आहे, ४ अंशांपर्यंत फरक चालतो. अट एवढीच की अँटेना सोडून बाकी सगळं दोघांचं वेगळं असावं. म्हणजे नियमात तू बसतोस. पण वायुसेनेत माझी सगळी नोकरी रेडिओचे संच दुरुस्त करण्यात झाली, म्हणून सांगतो बघ : दोघं एकाच बाजूला चुकत असतील तर आपापसात छान जुळतात! सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, कोल्हापूरच्या विमानतळाकडे ४ अंश चुकून निघालास, तर पोचेपर्यंत साडेसहा किलोमीटर बाजूला गेलेला असशील. ढगात ते कळतही नाही.

म्हणून विमानतळावर व्हीओटीचा, म्हणजे व्हीओआर तपासण्यासाठीच सोडलेला, चाचणी-संदेश मिळत असेल तर तोच घे. कोर्स, म्हणजे दिशेचा आकडा, शून्यावर ठेवलास की सुई मध्यावर आणि खूण 'फ्रॉम' यायला हवी. १८० वर 'टू'. इथंही सूट ४ अंशांचीच. तो नसेल तर विमानतळाच्या जमिनीवरची तपासणीसाठी ठरवून दिलेली जागा, तेवढीच सूट. तीही नसेल तरच उडताना तपासायची ठरवून दिलेली जागा, तिथं ६ अंश.

हे सगळं उपकरणांच्या नियमांनी, म्हणजे आयएफआरनं, व्हीओआर वापरून उडतानाच. उघड्या आभाळात नजरेनं उडताना या नोंदीची सक्ती नाही. मी असतो तर तरीही तपासलं असतं.

परत येऊन सांबऱ्याला उडवणार असशील तर हे आकडे घेऊन येऊ नको. इथं नोंदलेल्या विमानाला डीजीसीएचे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम, ते सांबऱ्याच्या मुख्य प्रशिक्षकांना विचार.