परसातल्या कोंबड्या आणि भाजीचे वाफे : पावसाळ्याआधी आलेल्या प्रश्नांची उत्तरे

इंदूरजवळच्या राऊ, सिमरोल, हातोद आणि सांवेर या भागांतून गेल्या महिन्यात आलेले प्रश्न वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांतल्या बहुतेकांमध्ये एक गोष्ट समान आहे. दुखणे सुरू झाल्यावर शेतकरी आधी औषधांच्या दुकानात गेला, तिथून दोन-तीन बाटल्या घेऊन आला आणि त्यांचा उपयोग झाला नाही, तेव्हा आमच्याकडे आला. हा क्रम उलटा असता, तर निम्म्या प्रश्नांची वेळच आली नसती.

सिमरोलच्या एका शेतकऱ्याने कळवले आहे की 40 तलंगांपैकी (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांपैकी) निम्म्याहून अधिक आठवड्याभरात दगावल्या. हिरवट पातळ हगवण, मान वाकडी होणे आणि पाय लुळे पडणे ही लक्षणे होती. दुकानदाराने एक प्रतिजैविक दिले, तीन दिवसांनी दुसरे दिले आणि वर ताकदीचे टॉनिक दिले. वर्णनावरून हा मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग दिसतो, आणि तो विषाणूमुळे होतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, मग ते एक द्या किंवा तीन द्या, मात्रा दुप्पट करा किंवा चौपट करा. पैसे गेले, कोंबड्या गेल्या आणि उरलेल्या पक्ष्यांच्या अंड्या-मांसात औषधाचा अंश राहिला तो वेगळाच. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर केंद्र सरकारने 2019 साली कुक्कुटपालनासाठी बंदी घातली आहे, त्यामुळे कोणी ते पुढे केले तर घेऊ नये.

या रोगावर लस एवढाच उपाय आहे आणि ती वेळेवर द्यावी लागते. पिल्लाच्या वयाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-1 या राणीखेतच्या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या राणीखेतच्याच लशीची टोचणी, हे वेळापत्रक खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावे. आजारी कळपाला लस देऊ नये. रोग आल्यावर लस टोचा असे दुकानदार सांगतो खरा, पण त्याने मर वाढते. ही अडचण परसातल्या पालकांना जास्त जाणवते, कारण लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि घरी कोंबड्या पंचवीस. म्हणून उरलेली लस फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरली जाते. ती वापरणे म्हणजे पाणी टोचणे होय, कारण मिसळलेली लस दोन तासांत संपवावीच लागते. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा, एक कुपी आणावी, ती बर्फाच्या थर्मासमधून आणावी आणि सकाळी उन्हापूर्वी काम आटोपावे. दुकानाच्या काउंटरवर उघडी पडलेली कुपी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मिरचीबद्दल आलेल्या प्रश्नाचे उत्तरही याच जातीचे आहे. सांवेरकडच्या एका काकूंच्या परसबागेत मिरचीची पाने बोकड्याने आकसली आहेत आणि दुकानदाराने दर चार दिवसांनी तीन औषधे एकत्र मिसळून फवारायला सांगितले आहे. काकू, ते बंद करा. पाने वरच्या बाजूला वळत असतील तर फुलकिडे आणि खाली वळत असतील तर कोळी ही बारीक कीड असते, परंतु झाड खुजे राहून पाने बारीक व पिवळसर झाली असतील तर पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू आहे, आणि मानमोडीप्रमाणेच त्यावरही औषध नाही. अशी झाडे मुळासकट उपटावीत, वाफ्याभोवती पिवळे चिकट सापळे लावावेत आणि निरोगी झाडांवर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. फवारणीचे औषध झाकणाच्या अंदाजाने न घेता मापाने घ्यावे. दुप्पट मात्रेने कीड दुप्पट मरत नाही, पान मात्र करपते.

हातोदच्या ताईंचा प्रश्न वाचून वाईट वाटले. वांग्याच्या शेंड्यांत अळी लागली म्हणून दुकानदाराने दाणेदार औषध दिले, त्यांनी ते बुंध्याशी टाकले आणि संध्याकाळपर्यंत वाफ्यात शिरलेल्या कोंबड्या तडफडून मेल्या. कोंबडी खडे टिपते तशीच हे दाणे टिपते. कार्बोफ्युरानसारख्या दाण्यांचे थोडेसे प्रमाणही पक्ष्याला पुरेसे असते. फोरेट हे दाणेदार औषध तर देशात बंदच झालेले आहे, आणि मोनोक्रोटोफॉस हे फवारणीचे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 पासून मनाई आहे. तरीही जुना साठा हळूच काउंटरखालून निघतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ज्या घरी कोंबड्या आहेत, त्या घरी दाणेदार कीटकनाशक आणूच नये. वांग्याचे कोमेजलेले शेंडे दर आठवड्याला अळीच्या खाली दोन बोटे कापून नष्ट करावेत, कीड लागलेली फळे झाडावर ठेवू नयेत आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. एवढे नेमाने केल्यास घरापुरत्या वांग्यांना पुष्कळदा फवारणीची गरज पडत नाही.

आता खताविषयी. राऊ येथील एकाने खुराड्यातली ताजी विष्ठा टोमॅटोच्या रोपांच्या बुंध्याशी घातली, शिवाय दुकानदाराच्या सांगण्यावरून युरियाही दिला, आणि रोपे आठ दिवसांत करपली. कोंबडखतात शेणखतापेक्षा कितीतरी अधिक नत्र असते आणि ताजेपणी ते अमोनियाच्या रूपात सुटते, म्हणून मुळे जळतात. पालक, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या किंवा अर्ध्या शिजवलेल्या भाज्यांवर ताजी विष्ठा पडणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

यावर माझी जी पद्धत आहे, ती मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि इथेही सांगतो. खुराड्यात वाळलेल्या भुशाची जाड गादी घालावी, ती आठवड्यातून दोनदा खालीवर करावी आणि ओली पडलेली जागा लगेच बदलावी, कारण पिल्लांची रक्ती हगवण ओल्या गादीतूनच पसरते. ही गादी काढल्यावर पालापाचोळ्याबरोबर ढिगात किमान तीन महिने कुजू द्यावी आणि मग चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या हिशेबाने वाफ्यात मिसळावी. याच्या जोडीला पीक निघून वाफा मोकळा झाला की कोंबड्या पंधरा दिवस तिथे सोडाव्यात. त्या तणाचे बी, अळ्या आणि कोष टिपतात, माती उकरतात. पीक उभे असताना मात्र जाळीचे कुंपण हवे, कारण कोवळी रोपे कोंबडीला खाद्यच वाटतात. आपल्या मालव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, त्यामुळे भाजी गादीवाफ्यावरच, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावरच, करावी.

अंडी कमी झाली म्हणून पावडर घेऊ का, असे तिघांनी विचारले आहे. घेऊ नका. कडक ऊन, पिसे गळण्याचा काळ आणि कमी झालेला दिवस यांपैकी काहीतरी कारण असते. सावली, गार पाणी आणि शिंपल्याचा चुरा द्यावा. इंदूरच्या परिसरात सोयाबीन घरचे म्हणून कच्चेच कोंबड्यांना टाकले जाते, हे अगदी चुकीचे आहे. कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिने पचू देत नाहीत. ते भाजून द्यावे किंवा सोयाबीनची ढेप (पेंड) वापरावी. बुरशी आलेला मका कधीही देऊ नये.

अनुदानाविषयी थोडक्यात. राष्ट्रीय पशुधन अभियानातील 50 टक्के अनुदान हजार जननी पक्ष्यांच्या (ज्यांच्या अंड्यांतून पिल्ले काढतात अशा पक्ष्यांच्या) प्रकल्पासाठी आहे, पंचवीस कोंबड्यांसाठी नाही. कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीची पिल्ले व लहान योजना यांची चौकशी जवळच्या पशुचिकित्सालयात करावी आणि प्रशिक्षणासाठी कस्तुरबाग्राम येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. दलालाला आगाऊ पैसे देऊ नयेत. काळे पीस म्हणजे कडकनाथ नव्हे, त्याची जीभ, तुरा, पाय आणि कातडीही काळसर असते.

शेवटचा प्रश्न, मेलेल्या कोंबड्या कुठे टाकाव्यात. नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात. डिसेंबर 2020 च्या अखेरीस इंदुरात कावळे पटापट मेले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले होते, हे लक्षात असू द्यावे. कावळे आणि कोंबड्या एकाच वेळी मरू लागल्या, तर त्यांना हात लावू नये, त्या विकू नयेत, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.