एक्स-रे खोलीत एआय येण्याआधी

रुग्णालयात एआयची साधने आणण्याबद्दल नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा तिथेच, खरेदीच्या वेळी, असते.

प्रश्न : आमचे ६० खाटांचे रुग्णालय आहे. रेडिओलॉजिस्ट फक्त संध्याकाळी येतात. छातीचे एक्स-रे वाचणारे एआय सॉफ्टवेअर एक कंपनी देऊ करते आहे. ‘९५ टक्के अचूक’ असल्याचे सांगतात. घ्यावे का, आणि घेतले तर सुरुवात कशी करावी?
— व्यवस्थापक, मुंबई नाका

९५ टक्क्यांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि कागदावर एक हिशेब मांडा. समजा, तपासलेल्या १००० जणांपैकी १० जणांना टीबी आहे. सॉफ्टवेअर आजाऱ्यांपैकी ९० टक्के बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. १० पैकी ९ सापडले, एक निसटला. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांच्या फिल्मवरही ‘संशयित’ अशी खूण आली. एकूण खुणा १०८, खऱ्या ९. म्हणजे दर १२ खुणांमागे एक रुग्ण. थुंकीची तपासणी लगेच होणार असेल तर हे प्रमाण चालण्यासारखे आहे. खूण पाहून थेट गोळ्या सुरू होणार असतील, तर मात्र हे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली ती १५ वर्षे व त्यापुढच्या वयासाठी, आणि निदान करायला नव्हे, पुढे कोणाची तपासणी करायची हे ठरवायला. बालरुग्णांच्या फिल्म त्यात घालू नका.

कंपनीकडून परवान्याची प्रत मागा. १ एप्रिल २०२० पासून असे सॉफ्टवेअर आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते आणि त्याला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. परवान्यात उपयोगाचा हेतू लिहिलेला असतो, तो शब्दन्‌शब्द वाचा. टीबीच्या चाळणीसाठी परवाना असलेले सॉफ्टवेअर अपघात विभागात बरगडी मोडली का हे पाहायला वापरले, तर जबाबदारी तुमच्यावर येते.

आता एक्स-रे खोलीत चला, कारण घोळ तिथेच होतात. उभ्या रुग्णाची फिल्म पाठीकडून किरण सोडून काढतात. खाटेवरच्या रुग्णाची पोर्टेबल फिल्म समोरून काढावी लागते. त्यात हृदय डिटेक्टरपासून, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीपासून, लांब राहते आणि सावली मोठी पडते. फिल्म कशी काढली याची नोंद नसेल, तर सॉफ्टवेअर धडधाकट माणसाचे हृदय मोठे झाल्याचे सांगू शकते. खांद्यावरून पुढे आलेली वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर नेमकी टीबीसारखी सावली पाडते. मंगळसूत्र, ताईत, शर्टाची बटणे, सीआर कॅसेटवरचे (एक्स-रे टिपणाऱ्या पाटीवरचे) ओरखडे हे सगळे फिल्मवर उमटते. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्याच्या फुप्फुसात राहिलेला व्रण तर बहुतेक सॉफ्टवेअरना नवा आजार वाटतो. म्हणून टेक्निशियनला प्रत्येक फिल्मबरोबर तीन गोष्टी नोंदवायला लावा: उभा की खाटेवरचा, पूर्वी टीबी झाला होता का, जुनी फिल्म आहे का. आणि लाइट बॉक्सवरच्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो सॉफ्टवेअरला कधीच देऊ नका. मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, फोटोत जेमतेम २५६ उरतात.

खरेदीआधी ८ आठवडे मूक चाचणी घ्या. सॉफ्टवेअर चालू राहील, पण त्याचे उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिसणार नाही. रेडिओलॉजिस्ट नेहमीप्रमाणे आपला रिपोर्ट देतील. तो नोंदवून झाल्यावर एक ठरलेली व्यक्ती दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी ठेवेल आणि मतभेद असलेल्या फिल्म त्याच संध्याकाळी रेडिओलॉजिस्टना पुन्हा दाखवेल. हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. सॉफ्टवेअरला दिसलेला न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा, माणसाच्या नजरेतून सुटला असेल, तर चाचणी चालू आहे म्हणून त्या रुग्णाला घरी पाठवणे अक्षम्य आहे.

आजार असलेल्या किमान ६० फिल्म चाचणीत हव्यात. आठ आठवड्यांत तेवढ्या मिळाल्या नाहीत तर निदान पक्के झालेल्या जुन्या फिल्म घाला. त्या ६० पैकी एकही सुटली नाही, तरी ‘शून्य चूक’ असे लिहू नका. यासाठी एक ठोकताळा आहे, ३ ला ६० ने भागा: शंभरात ५ पर्यंत सुटण्याची शक्यता तरीही उरते. खाटेवरच्या फिल्म, साठीच्या पुढचे रुग्ण आणि जुना टीबी असलेले यांचे निकाल वेगळे काढा. एकूण सरासरी चांगली दिसते आणि नेमक्या याच गटांत सॉफ्टवेअर कमी पडते.

वापर सुरू झाल्यावर क्रम असा ठेवा: डॉक्टरांनी फिल्म आधी स्वतः पाहायची, मत नोंदवायचे, मग एआयची खूण उघडायची. खूण आधी दिसली की डोळा तिथेच जातो आणि बाकीची फिल्म न पाहताच राहते. पोलंडमधील चार केंद्रांत कोलोनोस्कोपीसाठी (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी) एआय आणल्यानंतर, एआयविना केलेल्या तपासण्यांत अॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी, सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला ते पुरेसे आहे.

तुमच्याकडे दिवसा रेडिओलॉजिस्ट नाहीत. मग दुपारी २ वाजता लाल खूण आली तर ती कोण पाहणार? ड्युटी तक्त्यात त्या माणसाचे नाव आणि किती मिनिटांत पाहायचे हे लिहिलेले हवे. ‘कोणीतरी पाहील’ अशी व्यवस्था म्हणजे व्यवस्था नसणे. करारात निदान एवढे घाला: नवी आवृत्ती टाकण्याआधी ३० दिवस लेखी कळवणे, जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय, आणि तुमच्या रुग्णांच्या फिल्म कंपनीने स्वतःचे सॉफ्टवेअर शिकवायला परवानगीशिवाय न वापरणे. आवृत्ती बदलली की तपासून ठेवलेल्या त्याच ६० फिल्म पुन्हा चालवायच्या.

प्रश्न : आयसीयूत रुग्ण बिघडण्याआधी इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. एका पाळीत ४०-४० वेळा वाजते, बहुतेक वेळा काहीच नसते. आवाज बंद केला की आम्हालाच बोलणी बसतात. काय करावे?
— एक सिस्टर, पंचवटी

ताई, तक्रार रास्त आहे आणि ती लेखी द्या. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याचा, इशारा देणाऱ्या एका प्रणालीची तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर तिने इशारे दिले, तरी सेप्सिस झालेल्यांपैकी दोन तृतीयांश तिच्याकडून सुटले. इतका गोंगाट झाला की माणूस खऱ्या इशाऱ्यालाही ‘वाजतंय नेहमीचं’ म्हणतो. यात सिस्टरांचा दोष नाही.

दोन आठवडे प्रत्येक इशाऱ्याची नोंद करा: वेळ, खाट, काय सापडले, काही करावे लागले का. चार रकाने पुरे. मग इशाऱ्यामागची माहिती कुठून येते ते तपासा. बोट गार असले किंवा नखांवर गडद रंग असला की रक्तातल्या ऑक्सिजनचे सॅच्युरेशन खोटे कमी दाखवते. श्वासाचा दर तर बऱ्याच चार्टवर सकाळ-संध्याकाळ २० असतो, कारण तो मोजलेला नसतो. मशीनला मात्र तो खरा वाटतो आणि रुग्णाला धाप लागत चालली आहे हे तिला कळतच नाही. पूर्ण ६० सेकंद मोजा. पाळी संपताना सगळ्या नोंदी एकदम भरल्या तर सगळ्यांवर दुपारी २ चीच वेळ पडते, आणि मॉनिटर व संगणकाच्या घड्याळांत १० मिनिटांचा फरक असेल तर आधीचे नंतर होते.

नोंदवही घेऊन मेट्रन आणि आयसीयू प्रमुखांसमोर बसा. इशाऱ्याची पातळी बदलणे त्यांच्या सहीनेच व्हावे, आवाज परस्पर बंद करू नका. एका पाळीत एका सिस्टरला जास्तीत जास्त किती इशारे चालतील हा आकडा त्याच बैठकीत ठरवून घ्या.

प्रश्न : डिस्चार्ज कार्ड लिहायला आमचे आरएमओ (निवासी डॉक्टर) मोबाइलवरच्या फुकट चॅटबॉटमध्ये केसपेपर टाकतात. नाव खोडतो म्हणतात. चालेल का?
— रुग्णालय प्रशासक, गंगापूर रोड

नाही. नाव खोडून भागत नाही. सुरगाण्यातल्या लहान पाड्याचे नाव, वय आणि दुर्मिळ आजार एवढ्यावर गावातला कोणीही रुग्ण ओळखेल. सोनोग्राफीच्या चित्रात तर नाव कोपऱ्यात छापलेलेच असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे.

पण नुसती बंदी घातलीत तर काम गुपचूप चालू राहील. रात्री २० कार्डे लिहिणाऱ्या आरएमओला पर्याय द्या: करार केलेली, माहिती साठवून न ठेवणारी सेवा, रुग्णालयाच्याच संगणकावर. सहीआधी चार गोष्टी मूळ केसपेपरशी ताडायच्या: डावी-उजवी बाजू, औषध व मात्रा, ॲलर्जी, पुन्हा दाखवायची तारीख. ‘ॲलर्जी नाही’ मधला ‘नाही’ गळाला की काय होईल, हे वेगळे सांगायला नको. बोलून टाइप करणारे साधन असेल तर अहिराणी आणि कोकणा बोलणाऱ्या रुग्णांच्या पहिल्या ५० नोंदी माणसाने ऐकून तपासाव्यात. आवाज थांबला की अशी साधने कधीकधी कोणी न बोललेले वाक्य घालतात.

प्रश्न : आमच्या क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर एआय उत्तर देईल, लक्षणे विचारून औषधही सुचवेल, असे एकाने सांगितले आहे. बसवू का?
— डॉक्टर, नाशिक रोड

डॉक्टरसाहेब, औषधाचा भाग तिथेच थांबवा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एआयने रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहिणे याला परवानगी नाही. नंबर लावणे, वेळ सांगणे, रक्त तपासणीला उपाशी यायचे की नाही, एवढे त्याला द्या. आधी रुग्णांनी खरोखर पाठवलेले १०० संदेश नावे व नंबर काढून त्याला द्या, कारण लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, ‘छाती भरल्यासारखी वाटते’ असे लिहितात, नुसता आवाजही पाठवतात. सिंहस्थात बाहेरगावचे लोक हिंदी-गुजरातीतही विचारतील. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, गरोदरपणात रक्तस्राव, फवारणीचे औषध पोटात जाणे यांपैकी काहीही आले, तर पहिले उत्तर १०८ हा क्रमांक, आणि त्याच क्षणी क्लिनिकमधल्या माणसाच्या फोनवर घंटी वाजली पाहिजे. रात्री ११ वाजता स्वतःच्या फोनवरून असा संदेश पाठवून ती वाजते का ते पाहा.