मुंबईहून आई-बाबा आणि मुलीला घेऊन नॉर्दर्न लाइट्स बघायला फिनलंडला जायचं आहे. कधी जावं, काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीत राहता, पाच जण आहात, आई-बाबा साठीच्या पुढचे, मुलगी चौथीत. डिसेंबरच्या सुट्टीत आठ-नऊ दिवसांत फिनलंड करायचंय आणि जमलं तर नॉर्वे-स्वीडनही उरकायचंय. आई शाकाहारी आहेत आणि साडीशिवाय काही घालत नाहीत.

आम्ही मुलुंडचे. २०२४ च्या मार्चमध्ये मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं जाऊन आलो. म्हणजे तुमच्या घरासारखंच घर. त्यामुळे माहिती कमी आणि अनुभव जास्त सांगते.

सगळ्यात आधी डिसेंबर डोक्यातून काढा. जाणाऱ्या प्रत्येकाला थंडीची भीती असते, पण खरा घोळ होतो तो तारखांचा. डिसेंबरअखेर फिनलंडच्या उत्तरेतल्या रोवानिएमीला सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजाला चिकटून असतो. आणखी वर इनारीला गेलात तर महिनाभर उगवतच नाही. ऐकायला भारी वाटतं, पण दुपारी दोनला रात्र झाली की लहान मूल आणि म्हातारी माणसं खोलीत बसून राहतात. त्यातून नाताळ हा सांताक्लॉजचा सीझन, म्हणजे सगळ्याचे दर चढलेले. आणि हिवाळ्याच्या पहिल्या निम्म्यात आभाळही जास्त भरलेलं असतं. ढग असले तर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आभाळातला तो रंगीत उजेड, वरच्या वर होतात, तुम्हाला दिसत नाहीत.

आपल्या दिवाळीच्या सुट्टीत तळी धड गोठलेली नसतात, बर्फ पातळ, दिवस अंधारा. मे महिन्याच्या सुट्टीत तिथं रात्रच काळी होत नाही, मग लाइट्स दिसणार कशा? शिवाय बर्फ वितळून चिखल. म्हणजे आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या या एका कामासाठी बाद. मे खेरीज जमणारच नसेल तर नॉर्दर्न लाइट्सचा नाद सोडा आणि सरळ नॉर्वेला जा. बर्गन, फ्योर्ड, फ्लोमची ती वीसेक किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटर उतरणारी रेल्वे, १७ मेचा त्यांचा संविधान दिन, आणि २० मेच्या सुमारास त्रोम्सोला मध्यरात्रीचा सूर्य. तीही सहल उत्तमच, फक्त वेगळी.

मला विचाराल तर मार्चचा दुसरा पंधरवडा. बर्फ भरपूर असतो, दिवस बारा तासांचा होतो, थंडीचा कडाका उतरलेला असतो (आम्हाला उणे चार ते उणे सतरा मिळालं) आणि रात्री अजून अंधाऱ्या असतात. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, नॉर्दर्न लाइट्स जास्त उठतात, हाही अनेक वर्षांचा अभ्यास आहे. मुलगी सीबीएसईला असेल तर परीक्षा संपून एप्रिलचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आधीची ती फट नेमकी इथेच येते. स्टेट बोर्डाची असेल तर परीक्षा आडवी येईल, मग जानेवारीअखेर शाळेत अर्ज टाकून रजा घ्या. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पहिला आठवडा मात्र टाळा. फिनलंडच्या शाळांना तेव्हा स्कीइंगची सुट्टी असते, ती वर्षाच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या आठवड्यांत प्रांताप्रांतानं वाटलेली असते, आणि सगळा देश उत्तरेला लोटतो. ईस्टर कधी येतो तेही बघून घ्या, तेव्हाही तीच गत.

आणि एक, पंचांग बघा. आपण प्रवासाला निघताना अमावास्या टाळतो; इथे उलटं आहे. पौर्णिमेच्या चांदण्यात, त्यातून खाली पांढरा बर्फ, फिक्या लाइट्स पुसल्या जातात. आम्ही ऐन होळी पौर्णिमेला तिथं पोचलो, कारण तिकीट काढताना चंद्राचा विचार कुणीच केला नव्हता. सासूबाई मात्र खूश होत्या की अवसेला घर सोडावं लागलं नाही.

आता ते नॉर्वे-स्वीडन उरकणं. नका करू. आठ दिवसांत तीन देश केले की तुम्ही विमानतळ आणि बसस्टॉप बघता. लाइट्स दिसणं ही ढग आणि सूर्य या दोघांची मर्जी आहे, आणि ती मर्जी सांभाळायची तर एका जागी किमान चार रात्री हव्यात. आमच्या पहिल्या दोन रात्री आभाळ गच्च. तिसऱ्या रात्री सव्वाअकराला नवरा बाहेरून ओरडला. आधी वाटलं चुलीचा धूर पसरलाय, फिकट, राखाडी. फोन धरला तर त्यात हिरवा. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात, म्हणून फोटोतला रंग प्रत्यक्षात दिसेलच असं नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर हिरमुसते. आमची हिरमुसली होती, मग दहा मिनिटांत तो धूर उभा पडद्यासारखा हलायला लागला आणि डोळ्यांनाही हिरवा दिसला, तेव्हा गप्प झाली. सूर्यावरच्या खळबळीवर लाइट्स ठरतात; ती वाढती-ओसरती खळबळ म्हणजे सौरचक्र, त्याचं शिखर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये होऊन गेलं, पण म्हणून आता गाडी चुकली असं समजू नका. उतरणीची वर्षंही चांगली जातात.

आमचा मार्ग सांगते. मुंबईहून आखातात विमान बदलून हेलसिंकी. तिथून रात्रीच्या रेल्वेनं रोवानिएमी, साधारण बारा तास. दोन-दोन बर्थचे डबे, आपल्या फर्स्ट एसीच्या कुपेसारखे, पण आत गादी-पांघरूण पांढरंशुभ्र आणि चहावाला नाही. लेकीला अख्ख्या सहलीत हे सगळ्यात जास्त आवडलं. रोवानिएमीला एकच रात्र ठेवा. सांताक्लॉजचं गाव शहरापासून आठेक किलोमीटरवर, आर्क्टिक वृत्ताला लागून आहे, सिटी बस जाते. सांताला भेटायला पैसे नाहीत, पण भेटीचा फोटो हवा तर आहेत, आणि मूल बरोबर असताना फोटो नको म्हणणारा आईबाप मी अजून पाहिला नाही. दुपारी आर्क्टिकुम संग्रहालय करा. मग तिथून बसनं उत्तरेला सारिसेल्का किंवा इनारी. इनारीला सामी लोकांचं सीडा संग्रहालय आहे, ते चुकवू नका. रेनडिअर पाळणाऱ्या, स्वतःची भाषा टिकवून धरलेल्या या लोकांबद्दल तिथं जे कळतं ते रेनडिअरच्या गाडीत बसून कळत नाही.

काचेच्या इग्लूचं वेड असेल तर एक रात्र घ्या, जास्त नको. सीझनला एका रात्रीचे चारशे-पाचशे युरो आणि त्याच्याही वर जातात, आणि ढग असले तर एवढे पैसे भरून तुम्ही छताकडे बघत झोपता. आम्ही स्वयंपाकघर असलेलं लाकडी कॉटेज घेतलं. पाच जणांत ते हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि जेवणाचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

जेवणाचं बोलते. तूप, पेढे, बर्फी, पनीर, असलं दुधाचं काही बॅगेत घालू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नाहीत. फळांत अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि, ऐका, नारळ, एवढे पाच चालतात. सासूबाईंनी ही यादी ऐकल्याबरोबर नारळ घेतला. होळीच्या संध्याकाळी कॉटेजमधल्या लाकडाच्या शेगडीत तो टाकून पुन्हा काढला आणि आम्ही खोबरं खाल्लं. बाहेर उणे बारा होतं.

चकली, चिवडा, मेतकूट, मूगडाळ, तांदूळ, सुके मसाले बिनधास्त न्या. तूप तिथंच करा: सुपरमार्केटमध्ये लोणी घ्यायचं आणि कढवायचं. ‘पीमा’ नावाचं जे आंबट दूध मिळतं ते आपलं घट्ट ताक समजा. आणि ‘राहका’ म्हणजे जवळजवळ चक्का. साखर, वेलची घालून सासूबाईंनी त्याचं श्रीखंड केलं आणि शेजारच्या कॉटेजमधल्या फिनिश आजींना वाटीभर देऊन आल्या. दोघींची एक सामाईक भाषा नव्हती, पण वाटी रिकामी परत आली नाही, त्यात ब्लूबेरी होत्या. बाहेर खायचं तर राईचा ब्रेड, बटाटा, मशरूमचं सूप आणि भात भरलेली ‘कारेलियन पाय’ नावाची भाजलेली पोळी मिळते. तिच्यावर अंडं-लोण्याचं मिश्रण थापतात, आईंना चालत नसेल तर आधीच सांगा. नळाचं पाणी प्या, विकतच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

कपड्यांत आम्ही चांगलीच माती खाल्ली. दादरच्या एका दुकानातून ‘एकदम गरम’ म्हणून सुती थर्मल घेतले. हस्की कुत्र्यांच्या गाडीवर चढ आला की मागच्या माणसानं उतरून गाडी ढकलायची असते. नवऱ्यानं जोशात ढकलली, घाम आला, सूत ओलं झालं आणि पुढचा अर्धा तास तो दातांनी ताशा वाजवत होता. सूत घाम धरून ठेवतं, लोकर ओली झाली तरी ऊब देते. म्हणून अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा, नाहीतर निदान खेळाडू वापरतात तशा सिंथेटिक कापडाचा. त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पाच जणांसाठी पाच महागडे पार्का घेऊ नका: हस्की, रेनडिअर, स्नोमोबिलवाले जाडजूड ओव्हरऑल आणि बूट स्वतःच देतात. बूट घेतलेच तर एक नंबर मोठे, आत हवा राहिली पाहिजे. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र असलेले बरे. कानटोप्या, मफलर हिवाळ्यात परळला स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडून घेतले, ते छान चालले. आपल्या मुंबईचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला. तेव्हा इथल्या कुठल्याही दुकानदाराच्या ‘गरम’वर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

एक उलटं सांगते. घरात, बसमध्ये, दुकानात एकवीस-बावीस अंश असतात. आत गेलं की थर उतरवावे लागतात, म्हणून एकच जाड कपडा कामाचा नाही. कॅमेरा आत नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर भिंगावर पाणी धरतं. फोन आतल्या खिशात, छातीशी. बाहेर ठेवला तर बॅटरी बघता बघता बसते.

बाबांच्या बाबतीत थंडीपेक्षा घसरण्याला भ्या. मार्चमध्ये दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, रस्ता काच होतो. बुटाला खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात. पोचल्या दिवशी घ्या, लाजू नका, तिथली म्हातारी माणसंही लावतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. जिथं जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. ‘अमुक देशाची तारीख लवकर मिळतेय, तिथून काढू’ म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. अर्ज सहा महिने आधी करता येतो, दोन महिने तरी हाताशी ठेवा. किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे, पण आई-बाबांना बीपी-शुगर असेल तर तो आजार विम्यात धरलाय का, हे कागदावर वाचा, फोनवर विचारू नका. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

सौना घ्याच, कॉटेजमध्येच असतो. मुंबईकराला घाम गाळायला पैसे कशाला, असं मीही म्हणाले होते. बर्फातून येऊन त्या लाकडी खोलीत बसल्यावर मत बदललं.

राहिला साडीचा प्रश्न. सासूबाईंनी आयुष्यात सलवारही घातली नव्हती. निघण्याआधी महिनाभर घरात यावरून अबोला होता. त्यांचं म्हणणं, पाय दिसतात. मी वाद सोडला आणि साड्याही बॅगेत भरल्या. हेलसिंकी विमानतळाच्या दारात साडीत वारा शिरला, तशा त्या काही न बोलता मागे फिरल्या आणि बाथरूममधून लोकरीची पँट घालून आल्या, वरून लांब कुडता. दोन दिवसांनी हस्कीवाल्यानं तो अवाढव्य ओव्हरऑल चढवला तेव्हा आरशात स्वतःला नीट निरखून म्हणाल्या, “हे बरंय गं, बाई आहे की पुरुष तेच कळत नाही.” साड्या आल्या तशा घडी न मोडता परत आल्या. तुमच्या आईंच्या बॅगेत दोन जरूर ठेवा, वजन फार होत नाही.