करसल्ला : व्यवसायासह कायमचे परदेशी जाताना

प्रश्न : मी कोथरूडमध्ये राहून स्वतंत्र सॉफ्टवेअर सल्लागार म्हणून काम करतो. येत्या २० ऑगस्टला कायमचा म्युनिकला जात असून तेथेही हाच व्यवसाय करणार आहे. देश सोडला त्या दिवसापासून मी अनिवासी झालो, असे समजावे का? दिवाळीला पुण्यात येण्याचाही विचार आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : असे समजू नये. आपल्याकडे करासाठी निवासी की अनिवासी (म्हणजे परदेशातील कमाईवर भारतात कर न लागणारा) हे संपूर्ण आर्थिक वर्षासाठी एकदाच ठरते. प्रस्थानाच्या तारखेला वर्षाचे दोन तुकडे होत नाहीत. रोजगारासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा भारतातील मुक्काम त्या वर्षी १८२ दिवसांपेक्षा कमी भरला, तर तो अनिवासी ठरतो. या ‘रोजगारा’त स्वतंत्र व्यवसायही येतो, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९८२च्या परिपत्रकात सांगितले आहे आणि केरळ उच्च न्यायालयानेही २०११मध्ये तेच मान्य केले. तरीही आपण व्यवसायासाठीच गेलात हे दाखवणारा व्हिसा आणि तिकडची नोंदणीची कागदपत्रे जपून ठेवावीत.

१ एप्रिल ते २० ऑगस्ट हे १४२ दिवस होतात. म्हणजे ३१ मार्चपर्यंत आपल्या हाती ३९ दिवस उरतात. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजलेला बरा. दिवाळीचे तीन आठवडे सहज बसतील, पण पुढे माघात घरचे लग्नकार्य निघाले आणि मुक्काम लांबला, तर सारे गणित फिरेल.

अनिवासी होण्याची एक किंमत मात्र आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पूर्वी आयकर कायद्याच्या ४४ एडीए कलमाखाली ओळखली जाणारी, जमा रकमेचा निम्मा भाग नफा धरण्याची सोय फक्त निवासी व्यावसायिकांना मिळते. आपण अनिवासी ठरल्यास एप्रिल ते ऑगस्टमध्ये पुण्यात बसून केलेल्या कामाचा नफा प्रत्यक्ष खर्च वजा करूनच दाखवावा लागेल. त्या कामाचे पैसे नंतर म्युनिकमध्ये असताना मिळाले, तरी ते उत्पन्न भारतात करपात्रच राहते. म्हणून लॅपटॉप, इंटरनेट, प्रवास यांची बिले आतापासूनच फाइलमध्ये लावायला घ्यावीत.

जीएसटी नोंदणी असेल तर शेवटची बिले काढून झाल्यावरच ती रद्द करण्यासाठी अर्ज करावा. नोंदणी रद्द झाल्याची तारीख आणि तसा आदेश, यांपैकी जे नंतरचे असेल त्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचे राहून जाते आणि मग विलंब शुल्काची नोटीस येते.

जर्मनीत व्यवसाय सुरू केल्यापासून महिन्याभरात ‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवरून तेथील कर कार्यालयाकडे नोंदणीची प्रश्नावली भरावी लागते. त्यानंतर मिळणारा कर क्रमांक बिलावर छापावा लागत असल्याने हे काम पुढे ढकलू नये. निघण्यापूर्वी बँकेला कळवून आपले बचत खाते एनआरओ (अनिवासींसाठीचे रुपयातील खाते) करून घ्यावे.