रिटेनिंग वॉल : सॉफ्टवेअरचे डिफॉल्ट

प्रश्न : रस्त्यालगतच्या ४ मीटर उंच आरसीसी रिटेनिंग वॉलसाठी (माती अडवणाऱ्या भिंतीसाठी) डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट काय भरावेत?

उत्तर : आधी कोड आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक) करा. भिंत घसरण्याविरुद्ध तो १.४ सुरक्षा गुणक मागतो, पण स्थिर वजन ०.९ पटच धरून. म्हणजे साधा गुणक सुमारे १.५५. १.५५ आणि ०.९ दोन्ही एकदम भरले की पाया उगाच रुंद होतो. वाहनांसाठी १.२ मीटर मातीइतका भार धरा; १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर घनतेला २१.६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. तो टाचेवर (पायाच्या भिंतीमागच्या भागावर) रोधक म्हणून मोजू नका. पुढच्या मातीचा पॅसिव्ह दाब (भिंतीला पुढून मिळणारा आधार) शून्य ठेवा. गटारासाठी ती कुणीतरी खणणारच! पाण्याची पातळी मात्र विसरू नका. मातीचा घर्षणकोन ३० अंश असेल तर नुसत्या मातीचा रेटा ४८ किलोन्यूटन प्रति मीटर. वीप होल (भिंतीतली पाणी निघण्याची भोके) तुंबून पाणी वरपर्यंत भरले की सुमारे १०० ते १०५.